चिनी भाषेत संपाबद्दल बोलताना: शब्द कुठला, कुठे आणि कोणापुढे

चिनी शिकलेल्या मराठी माणसाला ‘संप’ हा शब्द शब्दकोशात मिनिटभरात सापडतो: बा४-गोंग१. अडचण तिथून पुढे सुरू होते. हाच शब्द तैवानमध्ये, तैपेईच्या वर्तमानपत्रात राजरोस छापून येतो. चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातल्या कारखान्याच्या अहवालात तो लिहिला, तर मुख्य कार्यालयात धावपळ उडते. आणि शांघायमधली एखादी आई घरच्यांना ‘आज मी स्वयंपाक करणार नाही’ असं सांगतानाही तोच शब्द वापरते.

मी चाकण-तळेगाव पट्ट्यात दुभाषी म्हणून काम करते. नव्याने या कामात येणाऱ्या मुलामुलींच्या चुका पाहते, तेव्हा त्यांचा शब्दसंग्रह क्वचितच कमी पडलेला असतो. शब्द त्यांना ठाऊक असतो, पण तो कुठे बसतो ते ठाऊक नसतं. म्हणून पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. उच्चार वगळून थेट वाक्यांवर उडी मारू नका.

लिप्यंतराविषयी थोडं. प्रत्येक अक्षरसमूहापुढचा आकडा म्हणजे त्याचा सूर: १ उंच आणि सपाट, २ चढता, ३ खाली जाऊन वर येणारा, ४ झटक्यात उतरणारा. आकडा नसेल तर तो भाग हलका म्हणायचा. अक्षरं पिनयिनला, म्हणजे चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याच्या पद्धतीला, धरून लिहिली आहेत, म्हणजे शब्दकोशात शोधायला सोपं जाईल. सुटं ‘क’ किंवा ‘ष’ दिसलं तर त्यात मराठीसारखा ‘अ’ आहे असं समजा.

१. आधी कान आणि जीभ तयार करा

पिनयिनमधला ‘ब’ हा आपला घोषयुक्त ‘ब’ नव्हे. ओठांतून हवेचा झोत न सोडता म्हटलेल्या ‘प’च्या तो जवळ आहे. तसाच ‘ग’ हा ‘क’च्या आणि ‘द’ हा ‘त’च्या जवळ. म्हणजे लिहिताना बा४-गोंग१, पण तोंडातून येताना साधारण ‘पा-कोंग’. ‘पान’ आणि ‘कान’ म्हणताना आपण झोत सोडत नाही, तोच ‘प’ आणि ‘क’ इथे चालतो. ‘ज़’ची सोय तर मराठीत आयतीच आहे: ‘चाक’ आणि ‘चमचा’मधला दंत्य ‘च’. हिंदीभाषक मित्रांना तो मुद्दाम शिकावा लागतो.

आता खऱ्या धोक्याच्या जोड्या. या विषयात सारखे दिसणारे शब्द इतके आहेत की त्यांचा वेगळा सराव केल्याशिवाय पुढे जाऊच नये.

बा४-गोंग१ म्हणजे संप आणि बान४-गोंग१ म्हणजे कार्यालयीन काम करणं. फरक फक्त एका ‘न’चा. आपण घाईत अनुस्वार गिळतो, आणि ‘आम्ही इथे बसून ऑफिसचं काम करतो’ या वाक्याचं ‘आम्ही इथे संप करतो’ होतं.

तिंग२-गोंग१ म्हणजे काम थांबणं. तोंग२-गोंग१ म्हणजे बालकामगार. सूर अगदी एकच, फरक फक्त स्वराचा. परदेशी ग्राहकाचे तपासनीस कारखान्यात आलेले असताना ही गफलत केवढी महागात पडेल, हे वेगळं सांगायला नको.

गोंग१-ज़ि१ म्हणजे पगार, गोंग१-सि१ म्हणजे कंपनी. ‘पगार थकला’ म्हणताना ‘कंपनी थकली’ असं ऐकू जातं. पहिल्यात जीभ दातांवर क्षणभर अडकते, दुसऱ्यात अडकत नाही.

लाओ२-गोंग१ म्हणजे कामगार, लाओ३-गोंग१ म्हणजे नवरा. इथे सारा खेळ सुराचा आहे. चढता सूर नीट चढवा.

आणि एक जोडी अशी, जिच्यात फरकच नाही: दाइ४-गोंग१. याचा एक अर्थ मुद्दाम हळू काम करणं आणि दुसरा अर्थ दुसऱ्या ब्रँडसाठी माल बनवून देणं. उच्चार आणि सूर तंतोतंत एक. चिन्हं मात्र वेगळी: पहिल्याच्या पहिल्या चिन्हात खाली ‘हृदय’ असतं, दुसऱ्याच्या डावीकडे ‘माणूस’. बोलताना गोंधळ टाळायचा तर पहिल्या अर्थासाठी पूर्ण चार अक्षरी प्रयोग करा: श्याओ१-जी२ दाइ४-गोंग१.

*तपासून घ्या:* या पाचही जोड्या फोनवर रेकॉर्ड करा आणि चिनी बोलणाऱ्या ओळखीच्या माणसाला चिन्हं लिहून घ्यायला सांगा. पहिल्या चार जोड्यांत त्याने तुमच्या मनातलंच चिन्ह लिहिलं, तरच दुसऱ्या पायरीवर या.

२. तोंड उघडण्याआधी तीन गोष्टी ठरवा

पहिली: काम कोणी थांबवलं? कामगारांनी, मालकाने, की वीज गेल्यामुळे ते आपोआप थांबलं?

दुसरी: ही घटना कुठली आणि कधीची? चीनच्या मुख्य भूमीवरची (म्हणजे तैवान आणि हाँगकाँग सोडून) आजची, की परदेशातली किंवा इतिहासातली?

तिसरी: ऐकणारा कोण? मुख्य कार्यालय, सरकारी अधिकारी, कारखान्यातला सहकारी, की मैत्रीण?

यातली पहिली गोष्ट मी स्वतः एकदा चुकवली आहे. एका कारखान्यात कंत्राटी कामगारांनी सकाळच्या पाळीत कामबंद केलं. मी निरोपात नुसतं तिंग२-गोंग१ लिहिलं. मराठीत ‘कामबंद’ म्हटलं की ते कामगारांनीच केलं, हे गृहीत असतं. चिनी शब्दात तसं काही गृहीत नाही. उलट चीनच्या वेतनविषयक नियमांत तिंग२-गोंग१ तिंग२-चान३ ही जोडी कामगाराचा दोष नसताना आस्थापनेचं काम आणि उत्पादन थांबतं, तेव्हासाठी वापरली जाते. पलीकडून विचारणा आली: व्यवस्थापनाने लाइन कोणाच्या परवानगीने बंद केली? दोन तास खुलासे करण्यात गेले. त्या वाक्यात ‘कामगार’ आणि ‘एकत्रितपणे’ हे दोन शब्द असते, तर हे घडलं नसतं.

३. मूळ शब्द आपापल्या जागी बसवा

बा४-गोंग१ हा संप. चिन्ह लक्षात ठेवायचं तर असं: मुख्य भूमीवरच्या सोप्या लिपीत वर आडवं जाळं आणि खाली ‘जाणे’, तैवान-हाँगकाँगच्या पारंपरिक लिपीत जाळं तेच, पण खाली ‘समर्थ असणे’चं चिन्ह. मूळ अर्थ थांबवणं, सोडणं.

हे ‘बा४’ पुढे जोडत गेलात की कुटुंब तयार होतं. विद्यार्थ्यांनी वर्ग सोडले तर बा४-क४. दुकानदारांनी दुकानं बंद ठेवली तर बा४-षि४, म्हणजे आपला ‘बाजार बंद’ किंवा हरताळ. इथे मराठीचा कान उपयोगी पडतो, कारण आपणही संप, बंद आणि उपोषण हे वेगळे धरतो. इंग्रजीच्या वाटेने चिनी शिकलेली मुलं उपोषणालाही ‘भुकेचा संप’ असं जोडून टाकतात. चिनीत उपोषण म्हणजे ज्युए२-षि२, सरळ ‘अन्न तोडणे’. त्यात संपाचा शब्द येतच नाही. धरणं धरून बसणं म्हणजे जिंग४-ज़्वो४, शांत बसणं.

तिंग२-गोंग१ म्हणजे काम थांबणं, कारण कुठलंही असो. दाइ४-गोंग१ म्हणजे कामात ढिलाई, आणि या शब्दात दोष आतूनच चिकटलेला आहे. व्यवस्थापनाच्या ताकीदपत्रात तो शोभतो. कामगारांच्या बाजूचं बोलणं भाषांतरित करताना ‘आम्ही हळू काम करत आहोत’ याला दाइ४-गोंग१ म्हणालात, तर तुम्ही त्यांच्या तोंडून त्यांच्याच गुन्ह्याची कबुली दिलीत. तिथे फांग४-मान४ सू४-दू४, म्हणजे वेग कमी करणे, इतकंच म्हणा.

टाळेबंदी म्हणजे बी४-चांग३. हा शब्द अभ्यासाच्या आणि कायद्याच्या लेखनात भेटतो, रोजच्या बोलण्यात कमी. काम पुन्हा सुरू होणं म्हणजे फू४-गोंग१. हा शब्द २०२० च्या साथीनंतर इतका रुळला आहे की नुसता वापरला तर ऐकणाऱ्याला आधी तीच आठवण येईल. संपानंतरचं म्हणायचं असेल, तर संपाचा उल्लेख आधी करा आणि मग फू४-गोंग१.

*सावधान:* थकलेला पगार मागायला जमलेले बांधकाम मजूर दिसले की लगेच संप म्हणू नका. अनेकदा त्यांचं काम संपलेलं असतं, पैसे मिळालेले नसतात. त्याला ताओ३-शिन१ म्हणतात, म्हणजे पगार मागून घेणं. चिनी नववर्षाआधी हा शब्द सगळीकडे ऐकू येतो, कारण गावी रिकाम्या हाताने परतायचं नसतं. गावाकडून आलेले हे मजूर म्हणजे नोंग२-मिन२-गोंग१, आणि थकबाकीला म्हणायचं त्वो१-छ्येन४ गोंग१-ज़ि१. त्यांना पगार वेळेवर मिळावा यासाठीचे वेगळे सरकारी नियम १ मे २०२० पासून लागू आहेत. त्यामुळे हा विषय तिथे उघडपणे बोलता येतो. बातम्यांतही ताओ३-शिन१ला सहानुभूती असते.

४. वाक्य बांधताना ‘करणे’ विसरा

मराठीत आपण ‘संप करतो’. म्हणून नव्वद टक्के विद्यार्थी ज़्वो४ बा४-गोंग१ म्हणतात. हे चूक. बा४-गोंग१ मध्ये क्रियापद आतच आहे: ‘थांबवणे’ अधिक ‘काम’. सरळ म्हणा:

गोंग१-रन२ बा४-गोंग१ ल. (कामगारांनी संप केला.)

क्रियापद आणि कर्म दोन्ही आतच असल्यामुळे या शब्दाला आणखी कर्म जोडता येत नाही. ‘कंपनीविरुद्ध संप केला’ म्हणायला शब्दाच्या पुढे ‘कंपनी’ चिकटवू नका. कारण आधी सांगा, मग संप.

कालावधी दोन प्रकारे येतो. गोंग१-रन२ बा४-गोंग१ सान१ त्येन१ (कामगारांचा तीन दिवस संप) हे बातमीच्या घडणीचं. बोलताना शब्द मधून फोडतात: बा४-ल सान१ त्येन१ गोंग१. हा फोडलेला प्रयोग तोंडात बसला की चिनी ऐकणारा तुमच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. मात्र औपचारिक पत्रात तो नको.

औपचारिक लेखनात संप ‘भरवला’ जातो: ज्यू३-शिंग२ बा४-गोंग१. ‘पुकारणे’ला श्युएन१-बू४, ‘सहभागी होणे’ला त्सान१-ज्या१, ‘संघटित करणे’ला ज़ू३-झि१. ‘संप मागे घेतला’ या आपल्या एका प्रयोगासाठी चिनीत दोन आहेत. अजून सुरूच झाला नव्हता आणि रद्द केला, तर छ्यू३-श्याओ१. सुरू होता आणि संपवला, तर ज्ये२-षू४. मराठी बातमी वाचून भाषांतर करताना हे आधी शोधावं लागतं, कारण मूळ वाक्यात ते दडलेलं असतं.

*तपासून घ्या:* षान१-दोंग४, म्हणजे चिथावणी देणे, हे क्रियापद तुम्ही नकळत ‘आवाहन करणे’साठी तर वापरलं नाहीत ना? आवाहनाला हाओ४-झाओ४. पहिल्याने माणूस आरोपी होतो, दुसऱ्याने नाही.

५. मुख्य भूमीसाठी औपचारिक लेखन

इथे थोडा वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

चीनच्या १९७५ आणि १९७८ च्या राज्यघटनांत नागरिकांच्या स्वातंत्र्यांच्या यादीत संपाचा शब्द होता. १९८२ च्या घटनेतून तो काढला गेला. आजचा कामगार संघटना कायदाही बा४-गोंग१ हा शब्द टाळतो. त्यात तिंग२-गोंग१ आणि दाइ४-गोंग१च्या ‘घटना’ असा उल्लेख आहे, आणि अशा वेळी संघटनेने कामगारांच्या वतीने आस्थापनेशी चर्चा करावी असं म्हटलं आहे. संप करणं हा गुन्हा आहे असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही, आणि तो हक्क आहे असंही नाही. कार्यालयीन भाषा या मधल्या जागेत चालते.

म्हणून नियम असा धरा. घटना परदेशातली किंवा इतिहासातली असेल, तर बा४-गोंग१ निर्धास्त लिहा. फ्रान्सचे रेल्वे कामगार असोत की २०२३ साली काम थांबवलेले हॉलीवूडचे पटकथालेखक, चिनी माध्यमं हाच शब्द वापरतात. १९२३ च्या पेकिंग-हानकौ रेल्वे कामगारांच्या संपाला तर तिथल्या पाठ्यपुस्तकात मानाचं स्थान आहे, दा४ बा४-गोंग१ या नावानिशी. आपल्या गिरणी संपाबद्दल सांगायचं असेल तरी हेच: मंग४-माइ३ फांग३-झि१ गोंग१-रन२ दा४ बा४-गोंग१. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप सांगताना दुसरा कुठलाही मवाळ शब्द खोटा ठरेल.

घटना चीनमधल्या कारखान्यातली, आजची असेल, तर अहवालात जी२-ती३ तिंग२-गोंग१ लिहा: सामूहिक कामबंद. नमुना असा:

यिन१ गोंग१-ज़ि१ वन४-ती२, बू४-फन४ य्वेन२-गोंग१ जी२-ती३ तिंग२-गोंग१. (पगाराच्या प्रश्नावरून काही कर्मचाऱ्यांनी एकत्रितपणे काम थांबवलं.)

या वाक्यात कारण, कोण, आणि एकत्रितपणे या तिन्ही गोष्टी आल्या. त्याखाली किती वाजता सुरू झालं, कुठल्या विभागात, किती जण, मागण्या काय, आणि आत्ता उत्पादनाची स्थिती काय, एवढं क्रमाने लिहा. विशेषणं घालू नका.

वाद अजून कामबंदपर्यंत गेला नसेल तर कायद्याचा शब्द लाओ२-दोंग४ झंग१-यी४, म्हणजे श्रमविवाद. माध्यमांत लाओ२-ज़ि१ ज्यो१-फन१ही चालतं, पण लवादाकडे जाणाऱ्या कागदावर पहिलाच हवा. लवाद म्हणजे लाओ२-दोंग४ झोंग४-त्साइ२.

*सावधान:* छ्युन२-ती३-शिंग४ षि४-ज्येन४ हा शब्द तुम्हाला सरकारी मजकुरात भेटेल. शब्दशः ‘समूहस्वरूपाची घटना’. सभ्य वाटतो, म्हणून नवशिके तो उचलतात. पण तो प्रशासनाचा, कायदा-सुव्यवस्थेच्या नजरेतला शब्द आहे. कंपनीने स्वतःच्या अहवालात तो लिहिला तर मामला पोलिसांपर्यंत गेल्यासारखा वाचला जातो. तसंच नाओ४-षि४, म्हणजे गोंधळ घालणे. पगार मागणाऱ्या माणसाबद्दल तो शब्द माझ्या तोंडून निघू नये, याची मी काळजी घेते. समोरचा साहेब तो म्हणाला, तर भाषांतरात ‘गोंधळ घालत आहेत असं साहेबांचं म्हणणं आहे’ असं त्याच्याच नावावर ठेवते.

६. बैठकीत: युनियन आणि मागण्या

युनियन म्हणजे गोंग१-ह्वेइ४. शब्द बरोबर, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभं राहणारं चित्र वेगळं. चीनमध्ये सगळ्या कामगार संघटना अखिल चीन कामगार संघटना महासंघाच्या छत्राखाली असाव्या लागतात. कारखान्यातली गोंग१-ह्वेइ४ बऱ्याचदा सणाच्या भेटवस्तू वाटते, सहली काढते. त्यामुळे ‘युनियनने नोटीस दिली’ हे वाक्य चिनी व्यवस्थापकाला पहिल्यांदा उलगडतच नाही. आपलीच संस्था आपल्याला नोटीस कशी देईल, असा त्याचा चेहरा होतो. पहिल्याच बैठकीत एक वाक्य घालून टाका:

यिन४-दू४ द गोंग१-ह्वेइ४ षि४ दू२-ली४ द. (भारतातली युनियन स्वतंत्र असते.)

मग नोटीस, मग मागण्या. हा क्रम उलटा करू नका.

मागणी म्हणजे साधं याओ१-छ्यो२. कागदावर सू४-छ्यो२ अधिक शोभतो. त्यात ‘दाद मागणे’ची छटा आहे. पगारवाढ लिहिताना ज्या१-शिन१, बोलताना झांग३ गोंग१-ज़ि१. ओव्हरटाइमचे पैसे ज्या१-बान१-फेइ४. सामाजिक विम्याला सगळे ष४-बाओ३ असंच लघुरूप वापरतात. पगारासकट एकंदर सोयीसवलती म्हणजे दाइ४-यू४. मराठी कामगार ‘आम्हाला नीट वागवा’ म्हणतो तेव्हा तो नेहमी पैशाबद्दलच बोलत असतो असं नाही. अशा वेळी दाइ४-यू४ म्हणालात तर अपमानाची तक्रार पगाराची होऊन बसते. तिथे ज़ुन१-झोंग४, आदर, हा शब्द हवा.

वाटाघाटीसाठी दोन शब्द आहेत: तान२-पान४ आणि श्ये२-षांग१. पहिल्यात दोन बाजू आमनेसामने बसतात. दुसऱ्यात मिळून विचार होतो. चिनी कायद्यात सामूहिक करारासाठी जी२-ती३ श्ये२-षांग१ हाच प्रयोग आहे. चिनी व्यवस्थापनाशी बोलताना मी श्ये२-षांग१ने सुरुवात करते, आणि युनियनचे पुढारी ‘वाटाघाटी’ म्हणाले तर तान२-पान४च म्हणते. पुढाऱ्यांचा शब्द मऊ करणं हे दुभाष्याचं काम नव्हे.

आपल्याकडची एक गोष्ट इथे समजावून सांगावी लागते. औद्योगिक संबंध संहिता, २०२० नुसार एखाद्या दिवशी निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून किरकोळ रजा घेतली, तर तोही संपच धरला जातो. चिनीत जी२-ती३ छिंग३-ज्या४, म्हणजे सामूहिक रजा. नुसतं एवढं म्हणून थांबलात तर साहेबांना वाटतं सण असेल. ‘भारतीय कायद्यात हे बा४-गोंग१मध्ये मोडतं’ हे जोडा.

तोडगा निघाला की दा२-चंग२ श्ये२-यी४, करार झाला. भरपाईचे दोन शब्द वेगळे ठेवा: बू३-चांग२ म्हणजे दोष न ठरवता दिलेला मोबदला, पेइ२-चांग२ म्हणजे चूक होती म्हणून दिलेली भरपाई. सही होण्याआधी हा एक शब्द दोन्ही बाजूंना बोटाने दाखवून विचारा.

७. तैवान आणि हाँगकाँग

तैवानमध्ये वरची सगळी सावधगिरी बाजूला ठेवा. तिथे बा४-गोंग१ हा कायदेशीर, रोजचा शब्द आहे, आणि तिंग२-गोंग१ म्हणून तो मवाळ करायला गेलात तर काहीतरी लपवताय असं वाटेल. कामगारांना लाओ२-गोंग१ म्हणतात. म्हणून पहिल्या पायरीतला तो सूर.

तिथे प्रक्रियेचा प्रत्येक टप्पा शब्दात आहे. आधी मध्यस्थी: त्याओ२-ज्ये३. ती फसली की संपासाठी मतदान: बा४-गोंग१ तोउ२-प्याओ४. गुप्त मतदानात एकूण सभासदांपैकी निम्म्याहून जास्तांनी होकार दिला, तरच संघटना संप जाहीर करू शकते. जाहीर करण्याला श्युएन१-गाओ४. त्यानंतर कारखान्याबाहेर उभी राहणारी कामगारांची रांग म्हणजे ज्यो१-चा२-श्येन४. ‘हजर सभासदांच्या निम्मे’ असं भाषांतर करू नका. ‘एकूण’ हा शब्द कायद्यात आहे. शिक्षकांना मात्र तिथे संपाची मुभा नाही.

सरावासाठी २०१६ आणि २०१९ सालच्या तैवानी विमान कर्मचाऱ्यांच्या संपांच्या बातम्या काढून वाचा. वरचे बहुतेक शब्द तिथे एका पानात भेटतील.

हाँगकाँगमध्ये चिन्हं पारंपरिक, पण बोली कँटोनीज, त्यामुळे या लेखातले सूर तिथे चालत नाहीत. लेखी शब्द ओळखता आले तरी पुष्कळ. २०१३ चा ४० दिवसांचा गोदी कामगारांचा संप वाचायला घ्या. ‘नियमावर बोट ठेवून काम’ यासाठी तिथला शब्द मंदारिन (म्हणजे या लेखातल्या प्रमाण चिनीच्या) उच्चारात आन४-झांग१ गोंग१-ज़्वो४ असा होतो.

८. घरात, कॅन्टीनमध्ये, मित्रांत

गंमत अशी की ज्या शब्दाला अहवालात इतकं जपायचं, तो घरात मोकळा सुटतो. आपण ‘फ्रिजने संप पुकारलाय’ म्हणतो, अगदी तसंच:

वो३ द द्येन४-नाओ३ बा४-गोंग१ ल. (माझा कॉम्प्युटर बंद पडला.)

जिन१-त्येन१ वो३ बा४-गोंग१, बू२ ज़्वो४-फान४. (आज माझा संप, स्वयंपाक नाही.)

पोट बिघडलं, एसी बंद पडला, सगळीकडे चालतं. पण हा प्रयोग कारखान्यातल्या यंत्राबद्दल लेखी निरोपात नको. ‘तिसऱ्या लाइनने संप केला’ हे वाचणाऱ्याला लाइनवरची माणसं वाटतील.

कॅन्टीनमध्ये खऱ्या कामबंदबद्दल लोक जड शब्द वापरत नाहीत. गोंग१-रन२ दोउ१ तिंग२ ल, ष्वो१ गोंग१-ज़ि१ मेइ२ फा१. (सगळ्यांनी काम थांबवलं, म्हणे पगार झाला नाही.) किंवा सरळ बू२ गान४ ल, आता नाही करायचं. वयाने मोठ्या कामगाराला हाक मारताना षि१-फु म्हणा. नुसतं नाव घेऊ नका.

वेळकाढूपणाला बोलीत म्वो२ यांग२-गोंग१. कामाच्या वेळात फोन बघत बसण्याला म्वो१-यू२, शब्दशः मासे चाचपणे. धावपळीतूनच अंग काढून घेण्याला तांग३-पिंग२, आडवं पडून राहणं. हा शब्द २०२१ पासून फार चालला. जबाबदारी मध्येच टाकून देणं म्हणजे ल्याओ४ त्याओ१-ज़ि, खांद्यावरची कावड आपटणं. हे चारही शब्द एकट्या माणसाच्या वागण्याचे आहेत. यातला कुठलाही संप नव्हे. मुलं नवे शब्द शिकल्याच्या उत्साहात यांना संपाच्या बातमीत घालतात आणि कामगारांची मागणी आळशीपणासारखी दिसू लागते.

*सावधान:* चीनमधल्या सहकाऱ्यांच्या वीचॅट (तिथलं व्हॉट्सअ‍ॅपसारखं अ‍ॅप) गटात तिथल्या कामबंदचे फोटो किंवा मजकूर पुढे ढकलू नका. २०१८ साली शेनझेनमधल्या एका कारखान्यात संघटना उभी करू पाहणारे कामगार आणि त्यांना पाठिंबा द्यायला आलेले विद्यार्थी ताब्यात घेतले गेले होते. तुम्ही पुण्यात सुरक्षित असता. त्या गटातला तुमचा मित्र नसतो. विचारायचंच असेल तर भेटल्यावर, एकट्याला, आणि त्याने विषय बदलला तर तुम्हीही बदला.

९. हा शब्द तोंडात आणू नका

संपफोड्याला शब्दकोश गोंग१-ज़ेइ२ देतो, म्हणजे कामगारचोर. १९६८ साली, सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत, चीनचे राष्ट्राध्यक्ष ल्यू शाओछी यांना कम्युनिस्ट पक्षातून काढताना त्यांच्यावर मारलेल्या तीन शिक्क्यांपैकी हा एक होता. वयस्कर चिनी माणसाला त्यातून आजही तो काळ ऐकू येतो. संपात सामील न झालेल्यांबद्दल सांगायचं तर ‘मेइ२ त्सान१-ज्या१ द रन२’, भाग न घेतलेले लोक, इतकं पुरे.

१०. सरावाचा क्रम

मराठी वर्तमानपत्रातली एसटी किंवा अंगणवाडी सेविकांच्या संपाची एक बातमी घ्या. आधी पेन्सिलीने तिथे तीन खुणा करा: काम कोणी थांबवलं, मागणी काय, आणि संप सुरू आहे, रद्द झाला की संपला. मग तीच बातमी तीनदा सांगा. एकदा शांघायच्या मुख्य कार्यालयाला पाच ओळींच्या अहवालात. घटना भारतातली आहे, म्हणून तिथे बा४-गोंग१ चालेल. पण युनियन म्हणजे काय ते एका वाक्यात सांगावं लागेल. दुसऱ्यांदा तैपेईच्या वाचकाला, मतदान आणि नोटीस यांतला फरक दाखवून. तिसऱ्यांदा मैत्रिणीला, जेवताना, बा४-ल जी३ त्येन१ गोंग१ असा शब्द फोडून. तिन्ही रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका, आणि पहिल्या अहवालात नुसतं तिंग२-गोंग१ राहिलं असेल तर त्याच्या आधी ‘कोणी’ ते लिहा.